बाबांचे हात आणि माझा लाल दिवा

दचकू नका, मीच बोलतोय. इकडे बघा, फ्रिजच्या डोक्यावर. अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या पडल्यात ना, त्यांच्या शेजारी. तळहाताएवढा, करड्या अंगाचा, कपाळावर तीन दिवे असलेला. मोबाइलच्या आणि टॉवरच्या लहरी मोजणारा मीटर म्हणत असत मला. हल्ली "ते वर ठेवलंय ना, ते" असं म्हणतात.

एके काळी या घरात माझा शब्द शेवटचा होता. माझा आकडा उतरला की लोक बसायचे, चढला की खाट हलायची. आता माझ्या पोटातले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातलेत. सेल नसताना मी बोलतोय कसा, असं विचारू नका. सेल होते तेव्हा तरी माझं कुणी ऐकलं होतं?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक खोली होती, चारी भिंतींना काळ्या स्पंजचे सुळके लावलेली. बाहेरची एक लहर आत यायची नाही. तिथल्या बाई मोजूनमापून एवढीशी लहर सोडायच्या आणि मी बरोबर आकडा दाखवतो का ते बघायच्या. मी दाखवला. त्यांनी मला "शहाणा आहे" म्हणून बाजूला ठेवलं. पुढच्या आयुष्यात हा शब्द माझ्या वाट्याला परत आला नाही.

दिव्यांचं मात्र शहाण्या बाईंच्या हातात नव्हतं. ते विक्रीवाल्या साहेबांनी ठरवलं. "लाल दिवा जरा लवकर लागू द्या. सारखा हिरवा राहणारा मीटर कोण विकत घेणार?" झालं! त्यामुळे सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडे माझा लाल दिवा लागतो आणि सोबत टीं टीं असा गळाही काढतो. म्हणजे त्याचा अर्थ "इथे लहरी आहेत" एवढाच. "आता तुमचं काही खरं नाही" असा नाही. हे सगळं माझ्या माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत. त्यातच एक वाक्य होतं, "मोजताना स्वतःचा मोबाइल बंद करून दूर ठेवावा." ही पुस्तिका पुढे या घरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली. टेबल तेव्हापासून जराही हलत नाही, तेव्हा ती वाया गेली असं मला म्हणवत नाही.

दुकानात मला विकणाऱ्या माणसाचं काम सोपं होतं. गिऱ्हाईक आलं की तो खिशातला चालू फोन काढून माझ्या नाकाला लावायचा. मी लाल. "बघितलंत? हवेत किती लहरी आहेत!" हवा बिचारी गप्प. गिऱ्हाईक घाबरायचं आणि मग पिशवी मागायचं.

अशाच एका पिशवीतून मी आत्याबाईंकडे गेलो. आत्याबाई म्हणजे या घरातल्या बाबांची धाकटी बहीण, राहतात दुसऱ्या शहरात, पण व्हिडिओ कॉलवरून इथेच नांदतात. त्यांच्याकडे चुंबकाच्या चपला आहेत, मिठाचा दिवा आहे, आणि डोकं दुखायला लागलं की दोष द्यायला शेजारी आहेत. मला त्यांनी दोन दिवस घरभर फिरवलं आणि मग मायेने भावाकडे पाठवून दिलं. सोबत निरोप होता, "दादा, सुनेला जप. समोर टॉवर आहे तुमच्या."

टॉवर समोर होता, हे खरं. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर. बाल्कनीत उभं राहिलं की दिसायचा.

आता या घराची ओळख करून देतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ नको. माणसं दोनच. एक बाबा. सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानाच्या दारात ते दिसले की दुकानदार आपोआप वाटाण्याचे चार दाणे जास्त टाकायचे म्हणे. पोकळ वजन, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आणि सगळ्यांत जुनी चोरी म्हणजे माल घालता घालता हळूच काट्यावर टेकवलेला अंगठा. बाबांनी सगळं पकडलं. माप कमी भरलं म्हणजे कुणीतरी मारलंय, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम.

दुसरी त्यांची सून. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. आवाज असा की पाण्याखाली बुडी मारलेल्या पोरालाही ऐकू जावा. नवरा जहाजावर. बंदर लागलं की फोन करायचा. सासूबाई हे जग सोडून गेल्याला बराच काळ लोटला होता. मी आलो तेव्हा सुनेचे दिवस भरत आले होते आणि ती घरात अगदी हळू बोलायची. मला वाटलं, तिचा स्वभावच असेल.

स्वभाव नव्हता. यापूर्वी एकदा तिला दिवस गेले होते आणि ते टिकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "असं होतं कधीकधी. यात कुणाची चूक नसते." सुनेने ते ऐकून घेतलं. बाबांना ते पटलं नाही. माप कमी भरलंय आणि कुणीच मारलेलं नाही? असा निकाल त्यांनी जन्मात दिला नव्हता. कुणीतरी असणारच. मग आत्याबाईंनी मला पाठवलं आणि बाबांना एकदाचा चोर सापडला.

पहिल्या दिवसाची तपासणी मी कधी विसरणार नाही. बाबांच्या एका हातात मी. दुसऱ्या हातात फोन, फोनवर आत्याबाई.

"दादा, आकडा दिसत नाहीये. फोन जरा जवळ आण."

"आता दिसतोय?"

"अजून जवळ. हां, तस्सा!"

मी लाल. टीं टीं टीं.

"अगं बाई गं! दादा, तुझ्या घरात भट्टी पेटलीय की!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? व्हिडिओ चालू असलेला फोन माझ्या गालाला गाल लावून धरायचा, आणि वर विचारायचं, लहरी कुठून येतायत! मी खरं तेच सांगत होतो. ते फोनबद्दल आहे हे त्यांना कळत नव्हतं, त्याला माझा इलाज नाही.

बाबांनी वायफायचा डबा त्याच दिवशी भिंतीवरून उपटला. सुनेचा फोन बंद करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला आणि झाकण लावून डबा माळ्यावर टाकला. आपला फोन मात्र ठेवला, कारण आत्याबाईंना आकडे दाखवायला एक फोन तर पाहिजेच ना!

मग खोल्यांची पाळी आली. झोपायच्या खोलीत मी लाल. बैठकीत लाल. स्वयंपाकघरात लाल. बाल्कनीत, थेट टॉवरच्या तोंडासमोर, लालच पण आकडा सगळ्यांत कमी. कारण टॉवर समोर दिसत असला की फोनला ओरडावं लागत नाही, तो हळू बोलतो. आणि मागची अडगळीची खोली? खिडकी नाही, भिंती जाड. तिथे फोनला टॉवर नीट सापडेना. मग त्याने काय केलं, बेंबीच्या देठापासून ओरडायला सुरुवात केली. माझा आकडा असा वर चढला की बाबा दोन पावलं मागे सरले.

"इथे तर सगळ्यांत जास्त!" बाबा म्हणाले. "टॉवरपासून सगळ्यांत लांब, तरीही!"

जरा थांबून विचार केला असता तर तिथेच उलगडा झाला असता. पण आत्याबाई असताना विचार करायला वेळ मिळतो कुठे?

"कोपऱ्यात साचत असतील रे, धुळीसारख्या," त्या म्हणाल्या. "तरीच आमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत माझी कंबर धरते!"

हे शास्त्र दोघांनाही पटलं. सुनेची खाट आधी बैठकीत आली, मग जेवणाच्या टेबलापाशी, आणि शेवटी पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या दारासमोर. तिथे बाबांचा हात दुखला म्हणून त्यांनी फोन जरा खाली धरला होता आणि माझा आकडा थोडा उतरला होता. सात महिन्यांची नव्हे, आठव्याच्या पुढची बाई, कूस बदलायला जागा नाही, आणि उशाशी नळ गळतोय. तिने आपली उशी उचलली आणि तिकडे नेली.

नवऱ्याचा फोन आला की मोठा समारंभ असायचा. बाबा आपला फोन खिडकीत ठेवायचे आणि सुनेला पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचे.

"कशी आहेस?" खिडकीतून आवाज.

"बरी आहे."

"काय? ऐकू येत नाही!"

"बरी आहे म्हणाली!" बाबा मधून ओरडायचे.

नवरा-बायकोचं बोलणं असं सासऱ्याच्या तोंडून चालायचं. एरवी तिने एका हाकेत खिडकीच काय, बंदर गाठलं असतं. पण आवाज वाढवायची तिची तयारीच नव्हती.

का, ते मला एका दुपारी कळलं. बाबा वामकुक्षी घेत होते. ती माझ्यासमोर टेबलाशी बसली होती, पोटावर हात ठेवून. एकदम मला म्हणाली, "मागच्या वेळी मी फोन उशाखाली घेऊन झोपायचे रे." बोलायला घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून मलाच सांगितलं. बाबांनी तिला कधी एका शब्दानेही दोष दिला नव्हता. पण ते लाल दिव्याकडे बोट दाखवायचे, तेव्हा तिला ते बोट आपल्याकडेच वळलेलं दिसायचं. तिला बाबांचं चुकतंय अशी भीती नव्हती. त्यांचं बरोबर असेल, ही भीती होती.

आणि मग बाबांनी शेवटचा बेत आखला. डोंगरापलीकडे त्यांच्या चुलतभावाचं घर होतं, कुलूप लावलेलं.

"तिथे रेंजच नाही," बाबा खुशीत म्हणाले. "एक काडीसुद्धा येत नाही. बाळंतपण होईपर्यंत आपण दोघं तिथेच राहू. गाडी सांगितलीय उद्या सकाळची."

"आणि दवाखाना, बाबा?"

"घाटाखाली आहे. जीप मिळते तिथे."

"ती बोलवायची कशी? फोन लागत नसताना?"

खरं तर इथे कुठल्याही माणसाचं डोकं ठिकाणावर यायला हवं. पण भीती एकदा डोक्यात बसली की ती दुसऱ्या कुणाला बसायला जागा देत नाही. बाबा म्हणाले, "मी आहे ना बाळा."

सून उठली आणि बॅग भरायला लागली. माझा तर जीवच गेला, सेल पोटात असताना. उद्या हिला काही झालं असतं तर हे आजोबा घाट उतरून जीपला हाका मारत फिरले असते, आणि मी रेंज नसलेल्या घरात हिरवागार दिवा लावून बसलो असतो. वा, काय ते सुख!

त्याच संध्याकाळी बाबा मच्छरदाणी आणायला बाहेर पडले. जाताना आत्याबाईंना सोबत घेऊन गेले, म्हणजे फोनवर. मला टेबलावर चालू ठेवून विसरले. मी आपला टीं टीं करत होतो. बाबा दाराबाहेर पडले, मी पिवळा झालो. ते जिना उतरले, मी हिरवा झालो आणि गप्प बसलो.

सून बॅग भरता भरता थांबली. एवढी शांतता तिने या घरात बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

"गेलं वाटतं हे," ती म्हणाली आणि तिने मला पाठीवर दोन थापट्या मारल्या. हा माणसांचा एक आवडता उपचार आहे. बरोबर चालणाऱ्या वस्तूला आधी मारून बघायचं.

मी हिरवाच. तिने मला उचललं. झोपायच्या खोलीत नेलं. हिरवा. स्वयंपाकघरात हिरवा. अडगळीच्या खोलीत, जिथे म्हणे लहरींचे ढीग साचले होते, तिथे तर आकडा जवळजवळ शून्यावर. मग ती बाल्कनीत आली आणि मला टॉवरच्या दिशेने धरलं. मी पिवळा झालो. टॉवरचं जे यायचं ते येतंच, थोडं आणि सारखं. खोटं मी त्याच्या बाजूनेही बोलणार नाही. पण लाल? छे!

ती तिथेच उभी राहिली. खाली रस्त्यावरून बाबा परत येताना दिसत होते, एका बगलेत मच्छरदाणी, दुसऱ्या हातात आत्याबाई.

ती मला घेऊन आत दाराशी आली, मी परत हिरवा. बाबा जिना चढले, मी पिवळा. दार उघडलं, मी लाल. टीं टीं टीं.

"थांबा तिथेच!"

काय आवाज होता तो! पहिल्यांदाच ऐकला मी. खरंच सांगतो, माझा आकडासुद्धा हलला असेल. बाबा उंबऱ्यात खिळले.

"कोण ओरडलं रे, दादा?" फोनमधून आत्याबाई.

"आत्या, मी आहे. फोन ठेवते हां." सुनेने बाबांच्या हातातून फोन घेतला, पार बंद केला आणि बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवला. मी हिरवा.

"बिघडला की काय?" बाबा म्हणाले.

"बाबा, एक सांगा. दुकानात तपासणीला गेलात की आधी काय बघायचात? काटा?"

हा बाबांचा आवडता विषय. भर संकटातही त्यांना उत्तर दिल्याशिवाय राहवेना. "छे गं! काटा नंतर. आधी दुकानदाराचे हात कुठे..."

वाक्य तिथेच तुटलं. ते आपल्या हातांकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. मग चपलांच्या कपाटाकडे.

पण माणूस जुना तपासनीस. एका नजरेत निकाल देईल तर शपथ. "आण तो इकडे," म्हणाले. फोन बंद ठेवून सगळ्या खोल्या फिरले. हिरवा. फोन सुरू करून व्हिडिओ लावला. लाल. "परत. आता उलट्या क्रमाने." अडगळीच्या खोलीत दोनदा. एवढ्या नीट मला कारखान्यातल्या बाईंनंतर कुणी वापरलं नव्हतं. शेवटी ते मच्छरदाणीच्या गठ्ठ्यावरच बसले.

"अंगठा माझाच होता," बाबा म्हणाले. "लोकांचे पकडत फिरलो आणि इथे सगळा वेळ माझाच टेकलेला होता."

मला इथे खूप काही बोलायचं होतं. सगळे टोमणे तयार होते. पण बाबांचा चेहरा बघून मीसुद्धा गप्प राहिलो, यावरून काय ते समजा.

"मग मागच्या वेळी..." बाबा म्हणाले. "मागच्या वेळी काय होतं गं? काहीतरी असणारच ना? कुणीतरी..."

सून त्यांच्या शेजारी खाली बसली. बसायला वेळ लागला तिला.

"मागच्या वेळी काट्यावर कुणाचाच अंगठा नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तुमचा नव्हता. आणि माझाही नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तिने ते फक्त ऐकलं होतं. आज स्वतः म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही रडली, मोकळेपणाने, दार सताड उघडं टाकून. मी टेबलावर हिरवा.

गाडी रद्द झाली. खाट जागेवर गेली. माळ्यावरचा डबा खाली आला, आणि पुढचं बंदर लागलं तेव्हा नवऱ्याला बायकोचा आवाज तिच्याच तोंडून ऐकू आला. "अगं हळू!" म्हणाला तो. फोन ती जरा लांब धरूनच बोलते, उशाखाली तर नाहीच ठेवत. तेवढं मला मान्य आहे. आत्याबाईंना मात्र काही म्हणता काही पटलं नाही. "तो मीटरच फुटका निघाला, दादा. दुसरा मोठा पाठवते," असं त्यांचं अजून चालू असतं.

पुढे यथावकाश मुलगी झाली. आई आणि लेक, दोघी सुखरूप. त्यात माझं कर्तृत्व शून्य, हे मीच सांगून टाकतो. आणि मागचं का टिकलं नाही, हे मला कुणी विचारू नका. मी समोर आहे ते मोजतो. गेलेलं मोजायचा मीटर कुठल्याही कारखान्यात निघत नाही.

तेव्हा मंडळी, निरोप घेण्याआधी एक विनंती. मोजा, खुशाल मोजा. टॉवर मोजा, फोन मोजा, शेजारी मोजा. टॉवरवाल्यांनाही जाब विचारा, मी साक्षीला येईन. पण लाल दिवा लागला की दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी ते बोट असलेला हात कुठे आहे, तेवढं बघा. आणि माझे सेल घड्याळाला दिलेत ते राहू द्या, माझी काही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण असू द्या.

निवृत्तीच्या दिवशी बाबांना कचेरीतून एक पितळी तराजू भेट मिळाला होता. हल्ली दर रविवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतो. एका पारड्यात मऊ दुपटं घालून नातीला ठेवतात, दुसऱ्यात वजनं. मुलगी पाय झाडत असते, काटा थरथरत असतो. बाबा एक पाऊल मागे सरून तो थांबायची वाट बघतात.

"बाबा, हात?" सून दारातून ओरडते.

बाबा नुसते वळून तिला पाठ दाखवतात. इथून वरून मला अगदी स्वच्छ दिसतात ते दोन्ही हात, पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले.